चार बोटं

मॅडमची जीप खिंडीत दिसली तेव्हा मी अंगणात नाचणी पाखडत होते आणि आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात. जीप बघितली आणि त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"ही आत्ता कशाला आली?"

विचारण्यासारखंच होतं. दिवेकर मॅडम वर्षातून एकदा यायच्या, दिवाळी झाली की. यंदाही येऊन, डोंगरावर आपलं यंत्र लावून, आमच्या भाकरी खाऊन गेल्या होत्या. आता होळी तोंडावर आली होती. सरकारी माणूस ठरल्या वेळी येत नाही याची आमच्या गावाला सवय आहे, पण न ठरलेल्या वेळी आला की बायका चूल सोडून दारात येतात.

"काही विसरलं असेल," मी म्हणाले.

"विसरायला ती काय माहेराला आलती?" आत्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आत निघून गेल्या. एरवी मॅडम आल्या की पायावर पाणी घालायला त्याच पुढे व्हायच्या. त्या दिवशी तांब्या मी आणला.

आमचं गाव वरची करंजाळी. खालची करंजाळी धरणाच्या पाण्यात आहे. धरण बांधायचं ठरलं तेव्हा आत्या नव्या नवरी होत्या. तांबड्या-पांढऱ्या काठ्या घेऊन साहेब लोक आले, डोंगराच्या कुशीला ओळीनं दगड रोवले, दगडांना चुना मारला आणि गेले. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, गावानंही विचारलं नाही. उलट उन्हातान्हाचे आलेत म्हणून ताक पाजलं. पुढे पाणी आलं ते बरोबर त्या दगडांपर्यंत. दगडाच्या खालचं सगळं गेलं. अर्धं गाव दुसऱ्या जिल्ह्यात दिलेल्या माळावर जाऊन बसलं आणि उरलेलं अर्धं दगडांच्या वर, या उतारावर. तेव्हापासून सरकारी दगड दिसला की आमची माणसं आधी तो घराच्या वर आहे की खाली हे बघतात.

मॅडमची खूण सगळ्या घरांच्या वर होती.

तसा तो दगडही नव्हता. गावाच्या डोक्यावर काळा कातळ आहे, त्यात त्यांनी अंगठ्याएवढी पोलादी खुंटी बसवली होती आणि तिच्या डोक्यावर बारीकशी फुली होती. त्या फुलीवर तिपाई मांडायची, तिपाईवर पालथी ताटली. आभाळात फिरणाऱ्या उपग्रहांकडून ही ताटली आपला ठावठिकाणा विचारून घेते, असं मॅडम सांगायच्या. भूकंपाच्या अभ्यासाला लागतं म्हणे. भूकंप आम्हाला नवा नव्हता. फडताळातली भांडी वाजली की आमची तान्ही पोरंसुद्धा दाराकडे बघतात. पण भूकंप मोजायचा तर तो होईल तेव्हा मोजावा. काही होत नसताना ही बाई काय मोजते, हे कुणाला पटत नव्हतं.

दौलततात्यांना तर मुळीच नाही. ते गावचे कारभारी, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. धरणाची भिंत उंच करणार, पाणी खुंटीपर्यंत येणार, असं त्यांचं ठाम मत होतं. मॅडम आमच्याकडे उतरायच्या, कारण माझे मालक मुंबईला माथाडी कामात आणि घरात आम्ही दोघी बायकाच. तेवढ्यावरून तात्यांनी मला हेर नेमलं होतं. ती काय बोलते, कुणाचं नाव घेते, सगळं कळवायचं. मी कळवायचे. मॅडमना मेथीची भाजी आवडते, असं एकदा कळवलं, तर तात्या आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

या खेपेला मात्र माझ्याही मनात पाल चुकचुकली. मॅडम हसल्या नाहीत. पाणी पिऊन तशाच कातळावर गेल्या, तिपाई लावली आणि उतरल्या त्या बॅटरी घेऊन घरोघर फिरू लागल्या. भिंतींना चिरा गेल्यात का, कधीपासून, दारं चौकटीत अडकतात का, विहिरीचं पाणी वरखाली झालंय का, डोंगरातून कधी आवाज येतात का. शेवटच्या प्रश्नाला तात्यांच्या मंडळींनी भाबडेपणानं उत्तर देऊन टाकलं. श्रावणात मोठा धक्का बसला होता, सगळं गाव चार दिवस शेतात झोपलं होतं, आणि पुढे भादव्यात भर दुपारचं कातळाकडून ठक ठक ऐकू यायचं. भूमाता कण्हत होती, असं त्या म्हणाल्या. मॅडमचा चेहरा आणखी उतरला.

गावानं याचा अर्थ गावासारखाच काढला. धरणाच्या वेळीसुद्धा घरं अशीच बघितली होती, आणि ज्यांच्या भिंतींना तडे होते त्यांच्या घरांची किंमत मातीमोल लावली होती. म्हणजे मोजणी सुरू झाली. बायकांनी एका दिवसात माती कालवली, शेण कालवलं, आणि दुसऱ्या दिवशी मॅडम उरलेली घरं बघायला गेल्या तर एकाही भिंतीला चीर नव्हती. सगळ्या भिंती ओल्या होत्या.

मॅडमनी एका भिंतीला बोट लावलं, बोटाला माती आली. परत येताना मला म्हणाल्या, "मालन, तुमचं गाव माझ्यापासून काहीतरी लपवतंय."

"गाव पण तुमच्याबद्दल हेच म्हणतंय," मी म्हणाले.

एरवी त्या हसल्या असत्या.

आत्यांचं वागणं तर त्याहून वेगळं. मॅडम ओसरीवर असल्या की त्या गोठ्यात, मॅडम गोठ्याकडे आल्या की त्या पाणवठ्यावर. ताटावर बसल्या तर घास चघळत राहायच्या. मला वाटलं, माझे मालक मागच्या सुट्टीत आले होते तेव्हा तात्यांच्या नादी लागून त्या यंत्राला काही करून बसले की काय, आणि आईला ते ठाऊक आहे. नवऱ्यावर संशय घ्यायला मला फार वेळ लागत नाही. पण मालक आले होते मे महिन्यात, आणि पोलादी खुंटीला हात लावायचा तर आधी डोंगर चढावा लागतो, तो त्यांनी लग्नानंतर एकदाच चढला होता.

दिवेलागणीला मी भाकरी थापत होते. आत्या शेजारी भजनाला गेल्या होत्या. मॅडम चुलीपाशी येऊन बसल्या. मी सरळच विचारलं, म्हटलं, "तुम्ही खरं काय मोजता ते मला एकदा सांगा. सातवीपर्यंतच शिकले, पण समजून घेईन. तात्यांना सांगणार नाही."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातली गोधडी ओढली आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरली. एक कड भिंतीला टेकवली.

"ही गोधडी म्हणजे आपला देश. ज्या जमिनीवर उभे आहोत ती. खाली वीस-पंचवीस कोस जाड खडकाचा थर, आणि हा अख्खा थर उत्तरेकडे सरकतोय. ही भिंत म्हणजे पलीकडचा खंड, तो काही बाजूला होत नाही. आता तू या टोकाकडून ढकल."

मी पिठाचे हात पुसले आणि गोधडी ढकलली. भिंतीपाशी तिच्या घड्या पडल्या, एकावर एक, वर वर.

"तो हिमालय," मॅडम म्हणाल्या.

मी हात तिथंच ठेवून बघत राहिले. एवढा मोठा हिमालय, आणि तो असा, पाहुणा गेल्यावर पायानं सारलेल्या अंथरुणासारखा.

"आणि आपण?"

"आपण घड्यांपासून लांब, सपाट भागात. पण ताण इथपर्यंत येतो. मध्ये गोधडीत एखादी जुनी फाटकी शिवण असेल, तर ती ताण धरून धरून बसते आणि एक दिवस उसवते. तुमचे भूकंप म्हणजे ते उसवणं. त्यात धरणाच्या पाण्याचं वजन, ते पाणी जुन्या भेगांत झिरपतं." मग त्या थांबल्या. "मी मोजते ते एवढंच, की सगळ्या खुणा बरोबरीनं सरकतायत, की एखादी एकटीच वेगळी चाललीय. आजवर सगळ्या बरोबर होत्या."

"आजवर."

त्यांनी चुलीतलं लाकूड उगाच आत सरकवलं. हे तुला सांगायला नको, असं म्हणाल्या, आणि मग सांगितलं. दिवाळीनंतरच्या मोजणीचं गणित मांडलं तेव्हा आमच्या कातळावरची खुंटी जागेवरून हललेली निघाली. धरणाच्या तळ्याच्या दिशेनं, खाली. आसपासच्या एकाही खुणेला काही झालं नव्हतं. आधी त्यांना आपल्या यंत्रावर संशय आला, मग स्वतःच्या हातावर. म्हणून पुन्हा आल्या. आज तेच उत्तर निघालं. खुंटी घट्ट आहे, सिमेंट शाबूत आहे. म्हणजे खुंटी नाही, डोंगरच हललाय. श्रावणातल्या धक्क्यानं कातळ सुटला असावा. एका पावसात तो गावावर येऊ शकतो.

"परवा अहवाल जाईल. मग कलेक्टर पावसाच्या आत गाव उठवतील. मी त्यांच्या जागी असते तर मीही उठवलं असतं."

तव्यावरची भाकरी करपली. मला वासही आला नाही. मी विचारलं, किती हलला. त्यांनी सेंटीमीटरमध्ये काहीतरी सांगितलं, मग माझ्याकडे बघून उजव्या हाताची चार बोटं जोडून माझ्यासमोर धरली. "एवढा."

त्या रात्री मॅडम झोपल्या की नाही माहीत नाही. मी नाही झोपले.

याचं कारण सांगायला हवं. आमच्या भागात बांध कोरणं नावाचा एक उद्योग आहे. दोन शेतांमधला बांध नांगरताना आपल्या बाजूनं थोडा थोडा खायचा. सगळे खातात, सगळे एकमेकांवर चिडतात. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्यांनी मला जे काही शिकवलं त्यात हेही होतं. वीतभर कोरलं तर भांडण होतं, कोर्टकचेरी होते. चार बोटं कोरावी. चार बोटांनी कुणाला वाटतही नाही की काही झालंय. वाटलं तरी तो पावसाला दोष देतो. आणि दर साली चारच. हावरटपणा करायचा नाही. हे सांगताना त्यांनी हाताची चार बोटं अशीच जोडून माझ्यासमोर धरली होती.

सकाळी त्या म्हशीची धार काढत होत्या. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले.

"आत्या, कातळावरच्या खुंटीला कुणी हात लावला?"

धार थांबली नाही. फक्त तिचा आवाज बदलला, आधी भांड्यात पडत होती ती काठावर पडायला लागली.

"तुला कुणी सांगितलं?"

"मॅडमच्या ताटलीनं."

"चार बोटं तिला दिसली?"

एवढ्या काळजीच्या वेळीही त्यांच्या बोलण्यात आधी थोडा मानभंग होता. आजवर कुणाला दिसली नव्हती.

मग त्यांनी सगळं सांगितलं, म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून, माझ्याकडे न बघता. माझे सासरे धरणाच्या कामावर सुरुंगाची भोकं पाडायला होते. सासरे घण घालायचे आणि पहार धरायला आत्या. ज्या धरणानं घर बुडवलं त्याच धरणावर पोट भरलं. त्यांची छिन्नी-पहार पोटमाळ्यावर होती. भादव्यात, धक्क्यानं घाबरून कुणी कातळाकडे फिरकत नव्हतं, तेव्हा शेळ्या चारायच्या निमित्तानं आत्या रोज दुपारी वर जायच्या. खुंटी सोडवली, चार बोटं खाली नवं भोक पाडलं, देवळाच्या कामावरचं मूठभर सिमेंट आणून ती पुन्हा बसवली. जुनं भोक बुजवून टाकलं. भूमाता कण्हत होती ती ही.

"पण सरकवली कशाला? उपटून टाकायची होती."

"उपटली तर दिसतं. खालच्या गावात यसू मोऱ्यानं दगड उपटला तर पोलीस आले आन् दुसरा दगड त्याच्या माडीच्या वर रोवला. दर साली चार बोटं खाली आणली आसती. मी मेल्यावर तू आणली आसतीस. पुढं तुजी सून. कवातरी गावाच्या खाली गेलीच आसती ना?"

मी मनात हिशेब करायला गेले आणि सोडून दिला. कातळापासून गावाच्या शेवटच्या घरापर्यंत चार चार बोटांनी जायचं म्हणजे किती सुनांचे हात लागले असते कोण जाणे. आणि बाईनं तो विचार करूनच हात घातला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. की वीतभर किंवा हातभर सरकवली असती तर मॅडमना तेव्हाच कळलं असतं, कुणीतरी खोडी केली म्हणून त्या चिडून मोकळ्या झाल्या असत्या. पण चार बोटं डोंगरही सरकतो. त्यांना वाटतंय तो सरकलाय. त्यापायी पावसाच्या आत गाव उठणार आहे.

आत्यांनी धार काढायची थांबवली. भांडं बाजूला ठेवलं.

"आन् हे ती खरं बोलतीय कशावरून? माझ्या तोंडून वदवायला तुला गोष्ट सांगितली आसंल. मी कबूल झाले की खुंटी पुन्हा वर जाणार, खुंटी वर गेली की पाणी वर येणार. न्हाई कबूल झाले तर डोंगर हलला म्हणून उठवणार. दोन्हीकडून आपणच उठायचं. गंमतच हाय."

मलाही मॅडमची शंभर टक्के खात्री कुठे होती? मी फक्त म्हणाले, "पाण्याचं मला ठाऊक नाही, आत्या. पण डोंगर हलला नाही, हे आख्ख्या जगात तुम्हाला एकट्यांना ठाऊक आहे."

त्या बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग पदर खोचला. "मला बेडी घातली तर म्हशीचं तू बघशील. ती दुसऱ्याला पान्हवत न्हाई."

आम्ही कातळावर पोचलो तेव्हा मॅडम तिपाई सोडवत होत्या. मागून धापा टाकत तात्याही आले. दोन बायका सकाळी कामधाम टाकून वर निघाल्या म्हणजे काहीतरी कारस्थान, म्हणून. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. खुंटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, डोंगर हलला न्हाई. ही मी हलवलीय."

मॅडमनी हातातला पट्टा खाली ठेवला. आत्यांकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे. ती नजर मी विसरलेले नाही.

"काल संध्याकाळी तुला विश्वासानं सांगितलं, मालन. आणि आज सकाळी हे. गाव उठू नये म्हणून म्हातारीला पुढे केलंस."

"मॅडम, नाही..."

"भिंती सारवून चिरा लपवल्यात. आता हे. तुम्हाला कळतंय का, हा कडा खाली आला तर तुमच्यातलं कुणी वाचणार नाही? मला तुमची जमीन नको आहे, आजी. मला तुम्ही जिवंत हव्यात."

आत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुठलीही कोरलेली गोष्ट कबूल केली नव्हती; पहिल्यांदा केली, तर ऐकणारी म्हणते खोटं आहे. तात्या तर अजून पहिल्याच वाक्यापाशी होते. "वैनी, तू? ह्ये तू केलंस?" एवढंच ते म्हणत राहिले, आणि त्यात राग किती आणि कौतुक किती ते मला आजही सांगता येणार नाही.

"मग दाखवा जुनं भोक," मॅडम म्हणाल्या.

आत्यांनी बोट दाखवलं. तिथं कातळ होता. काळा, खरबरीत, वर वाळलेल्या शेवाळाचे करडे ठिपके. आत्या खाली बसल्या, हात फिरवला, नखानं खरवडलं. मीही बसले. कुठे काही नाही. त्यांनी भोकात चुना आणि काळ्या दगडाची पूड ठासून, वरून घासून, शेवाळाचा चिखल चोपडला होता, आणि भादव्याच्या उरलेल्या पावसानं त्यावर शेवाळ धरलं होतं. बांधाची कड कशी नैसर्गिक दिसायला हवी हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. आता स्वतःचंच काम त्यांना सापडेना.

"नीट आठव, वैनी," तात्या हळूच म्हणाले. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटत असावं, की आमच्यातलं कुणीतरी गुन्हेगार निघावं.

"इथंच होतं," आत्या म्हणत होत्या. "इथंच. मी काय येडी हाय का?" त्यांचा आवाज चिरका झाला होता. गुडघे कातळावर घासून लुगड्याला भोक पडलं.

मॅडमनी खाली ठेवलेला पट्टा उचलला. मला वाटलं, आता जीपकडे चालायला लागतील. पण आत्यांचं ते गुडघ्यांवर सरकणं त्यांनाही बघवलं नसावं, किंवा ही म्हातारी इतकं उत्तम नाटक करू शकत नाही असं वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा कॅन उचलला आणि खुंटीच्या सभोवती रिकामा केला.

"अख्खा दगड लवकर वाळतो," त्या म्हणाल्या. "भरलेला असेल तर नाही वाळणार. थांबा."

आम्ही थांबलो. फाल्गुनातलं ऊन होतं, कातळ आधीच तापायला लागला होता. पाणी उतारावरून ओघळलं, कडांकडून काळं पुसट होत करडं होऊ लागलं. खाली गावात कुणीतरी धुणं आपटत होतं, तो आवाज वरपर्यंत येत होता. करडा भाग खुंटीकडे सरकत आला. आत्या डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांना बघायचंच नव्हतं.

सगळा कातळ वाळला. एक ठिपका राहिला. अंगठ्याएवढा, गोल, ओला काळा.

मॅडम त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या. ठिपका आणि खुंटी यांच्यामध्ये आपली बोटं जोडून ठेवली. त्यांची बोटं बारीक, थोडी जागा उरली. मग त्यांनी आत्यांचा हात धरला आणि तो तिथं ठेवला. घणाखाली पहार धरून धरून जाडी झालेली ती बोटं. ठिपक्यापासून खुंटीपर्यंत बरोबर बसली, केसभरही फट नाही.

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसतायत की रडतायत ते आम्हाला कळेना. नंतर म्हणाल्या, महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता, रोज हे गाव गाडलेलं दिसायचं.

अहवालात पुढे एवढंच गेलं, की खूण हलवलेली आढळली, मोजणी रद्द. कुणी हलवली, ते त्यांनी लिहिलं नाही. गाव उठलं नाही आणि पाणीही वर आलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आत्या अजून शिक्षेची वाट बघत होत्या.

"आता मला काय करनार?"

"आधी सांगा, चारच बोटं का?"

आत्यांनी सांगितलं. दर साली चार, मग सुनेनं, मग तिच्या सुनेनं. आता हातचं राखायला काही उरलं नव्हतं. मॅडमनी ऐकता ऐकता स्वतःची बोटं जोडून बघितली.

"आजी, आपला देश कसा चाललाय माहीत आहे? असाच. वर्षाला दोन-तीन बोटं. तुमच्यापेक्षा थोडा सावकाश. तेवढ्यावर हिमालय झालाय."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. ही बाई आता चेष्टा करतेय का, म्हणून. मी मान हलवली, खरं आहे. तात्या पुढे आले.

"म्हंजे आमी सरकतोय? कुनाला न इचारता?"

"सगळेच सरकतायत, तात्या."

"आन् ढकलतंय कोण?" तात्यांनी विचारलं. मॅडम पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेचं सांगायला लागल्या, आणि तात्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे उत्तर त्यांनी तूर्तास मान्य केलेलं नाही.

आत्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या मॅडमच्या बाजूला सरकून बसल्या.

"जमीन सरकती म्हंजे वरचं बी सरकतं? घर?"

"घर. शेत. हा कातळ. सगळं एकदम, आहे तसं."

"म्हसरं?"

"म्हसरंही."

आत्या पाण्याकडे वळल्या. खाली तळ्याचं पाणी उन्हात पांढरं पडलं होतं, डोळ्यांवर हात धरल्याशिवाय बघवत नव्हतं.

"आन् ते?" त्यांनी हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. "त्येच्या बुडातलं?"

मॅडमना क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"तेही, आजी. खालची करंजाळीही तुमच्या बरोबरीनं. केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही."

"येतंय म्हंता."

"येतंय."

आत्यांनी हात कातळावर ठेवला. गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा, उघडा तळवा, न दाबता. आणि तो तसाच ठेवून त्या पाण्याकडे बघत बसल्या. मॅडमनी तिपाई बांधली, तात्या खाली गेले, मी एकदा म्हटलं आत्या, ऊन चढलं, चला. त्या म्हणाल्या, "तू हो पुढं. मी बसते वाईच."